हवेची गिरणी

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. जुन्या गिरणीत लोखंडी गोळे गारगोटीवर आदळायचे, त्या खडखडाटातही त्याचा आवाज फाटकापर्यंत पोचायचा. तेवढ्याच जोरावर तो मुकादम झाला. घरीही तो त्याच पट्टीत बोलायचा. बायको उलट बोलत नसे.

मग नवं यंत्र आलं. त्यात ना गोळे, ना हातोडे. हवेचा जबर झोत सुटायचा आणि गारगोटीचे कण एकमेकांवरच आपटून पिठाहून बारीक व्हायचे. रंगाच्या कारखान्यांना असलीच भुकटी हवी होती.

यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरने बजावलं, "ही धूळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिला घाबरा. गाळणीच्या पिशव्या वेळेवर बदला. मास्कशिवाय कुणी उभं राहू नका."

तो गेला. पिशव्या बदलायच्या तर यंत्र थांबवावं लागे, आणि थांबलेलं यंत्र मालकाच्या डोळ्यांत सले. भोंग्याने मालकाचं मन ओळखलं आणि फाटक्या पिशव्यांवरच काम रेटलं. मास्क कधी आलेच नाहीत. स्वतः मात्र तो काचेच्या खोलीत बटणांपाशी बसे, दार घट्ट लावून.

पोती भरायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. थोड्याच काळात तो जिना चढताना मधेच थांबू लागला.

"दाजी, दम लागतो हो. पिशव्या तेवढ्या बदला."

"दम लागतो की काम जिवावर येतं?" भोंगा सगळ्यांदेखत म्हणाला. माणसं हसली. मेहुणाही हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेना तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

पुढे त्याला पोतं उचलेना. भोंग्याने त्याला घरी बसवलं आणि त्याच जागेवर मेहुण्याच्या बायकोला उभं केलं. मालकाला म्हणाला, "घरचंच माणूस आहे, बाहेर बोभाटा नको." मेहुणा गेला त्या आठवड्यातही ती पोती भरतच होती.

तेव्हा भोंग्याची बायको कारखान्यात आली आणि तिने काचेच्या दारावर थाप मारली.

"अहो, वहिनीला सोडा. पोरांचा बाप गेला, आई तरी राहू दे."

"आणि पोती कोण भरणार? तू?"

"मी भरते. मजुरी तिच्या घरी जाऊ दे."

दुपारपर्यंत पळून जाईल, असं त्याला वाटलं. बाहेर ट्रक खोळंबला होता, माणसं बघत होती. बायकोने बाह्या सरसावल्या आणि पोत्याचं तोंड नळीला लावलं. त्याने बटण दाबलं.

ती पळाली नाही. रोज येत राहिली, आणि तो रोज बटण दाबत राहिला. एकदा म्हणाला, "पुरे झाला हट्ट."

"पिशव्या बदला, मग थांबते."

त्याने बदलल्या नाहीत.

पुढे कधीतरी छाती तपासणारी गाडी आली. मालकाने फक्त मुकादम आणि कारकुनांना पुढे केलं. भोंग्याची छाती स्वच्छ निघाली. संध्याकाळी घरी येऊन त्याने छातीचा फोटो दिव्यासमोर धरला.

"बघ, डागसुद्धा नाही!"

बायको भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडायचा. तिने फोटो नीट निरखला.

"छान आहे," ती म्हणाली. "जेवण तुमचं तुम्ही वाढून घ्या. मला उठवत नाही."

त्याने वाढून घेतलं आणि पोटभर जेवला.