खळीने चिकटवलेली पानं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव, ताईत, अंगारे-धुपारे सगळं एका पोत्यात भरून नदीत सोडून आले. आजी दोन दिवस जेवली नाही म्हणे, पण बाबा काही बधले नाहीत. अशा घरात मी वाढलो. नोकरीही तशीच रुक्ष — घुग्घुसच्या कोळसा खाणीत टाइम ऑफिसचा हजेरीबाबू. कोण आलं, कोण नाही आलं, हे पाहण्यात जन्म गेला. त्यामुळे या सदरात छापून येणारे वाचकांचे बरेचसे गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. आता तुम्ही माझ्यावर हसा... फिटंफाट.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. वडशाहून आरमोरीच्या रस्त्यानं निघालं की सात-आठ किलोमीटरवर उजवीकडं एक फाटा लागतो. आतल्या गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची मुलं अजून तिथं राहतात. गावाला लागून मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, प्राथमिक शाळा, आणि शाळेच्या मागं दयाराम गुरुजींचं कौलारू घर. नाव बदललंय. पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांना लगेच कळेल.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मांडव पडतात, वडशातून मंडळ्या निघतात, आणि माणसं बैलबंड्या जुंपून नाटकाला येतात. बहुतेक नाटकांत रडारड — सून, सासू, दारुडा नवरा. गुरुजीही नाटकं लिहायचे, पण त्यांचं सगळंच उलटं. त्यांच्या नाटकात तलावाच्या तळाशी राक्षसांची ग्रामपंचायत असायची, आणि तिथल्या सरपंचाला पोहता येत नसायचं. त्यांचं सर्वात गाजलेलं नाटक यमदूताचं. एका म्हातारीला न्यायला यमदूत येतो, पण ती म्हणते, ‘आधी तलाठ्याचा दाखला आन.’ तलाठी काही सापडत नाही. यमदूत तीन महिने गावात अडकतो आणि शेवटी पोटासाठी रोवण्याला जातो, चिखलात उभा राहून भात लावतो... माणसं अक्षरशः लोळायची.

आमच्या खाणीत पहिल्या पाळीची माणसं पिंजऱ्यातून खाली जाताना एकमेकांना विचारायची, ‘काऊन गा, दाखला आनला का?’ खाली जाताना प्रत्येकाच्या मनात काय असतं ते खाणीतल्या माणसालाच माहीत. त्या वेळी हसवणारा माणूस आम्हाला देवापेक्षा मोठा वाटायचा, आणि देव तर आमच्या घरात नव्हताच.

मी या नाटकांचा प्रॉम्प्टर. हंगामात रजा टाकून मंडळीबरोबर जायचो. आमच्या नटांना पाठांतर फारसं नसतं. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर अर्धा श्वास आधी वाक्य देतो, नट ते उचलतो, आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. यमदूत करायचा सुखदेव. वडशाच्या राईस मिलमध्ये हमाल, अंगानं दांडगा, रंगमंचावर वाघ. पण प्रॉम्प्टिंगशिवाय त्याचं पान हलत नसे. स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं होतं. मी दिलाही.

आता एक धंद्यातली गोष्ट. नाटक लांबतंय असं वाटलं की एखादा प्रवेश कापावा लागतो. आमच्या मंडळीची यमदूताच्या नाटकाची वही खुद्द गुरुजींच्या हातची होती, त्यामुळे पान फाडायचं किंवा त्यावर काट मारायची हिंमत नव्हती. मी काय करायचो, भाताची खळ लावून ती पानं एकमेकांना चिकटवून टाकायचो. हवी तेव्हा पाणी लावून सोडवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर समजलं की गुरुजी आजारी आहेत. भेटायला गेलो. ओसरीवर बसले होते, तब्येतीनं ठणठणीत. मला पाहून हात जोडले, अनोळखी माणसाला जोडतात तसे. समोर तांब्या होता. त्याकडं बोट दाखवून म्हणाले, ‘ते... ते पान्याचं...’ आणि तिथंच थांबले. शब्दांनी ज्यानं दोन जिल्हे हसवले त्या माणसाला तांब्या हा शब्द सापडत नव्हता. मला तिथं बसवेना.

त्यांच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो. फाटकापर्यंत सोडायला आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं — मेंदू हळूहळू वाळत जाणार, औषध नाही. ‘मले इसरले तं चालन बाबू,’ बाई म्हणाल्या. ‘पोरायले इसरले तरी चालन. पन पाच महिने झाले, हा मानूस हसला नाई. हसनं इसरले तं मंग मी कोनासंगं राहू?’

मी परत आलो आणि सुखदेवला सांगितलं. दोघांनी ठरवलं, गुरुजींसाठी त्यांच्याच दारात यमदूताचं नाटक करायचं. त्यांना जागरण झेपणार नव्हतं, म्हणून दुपारी तीनला, शाळेच्या व्हरांड्यात, पुढं मांडव घालून. कुणाला निमंत्रण गेलं नव्हतं, तरी माणसं आली. खाणीतली तीसेक जण ट्रकनं आली, कपड्यांवर कोळसा तसाच. हेमलकशाकडच्या एका शाळेतला मास्तर दोन बस बदलून आला. म्हणाला, ‘माझी पोरं गोंडी बोलतात, पण राक्षसांच्या सरपंचावर सगळ्यांच्या आधी हसतात.’ कुणी तांदूळ आणले, कुणी तलावातली मासळी. बाईंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. गुरुजींना खुर्चीवर सगळ्यात पुढं बसवलं, बाजूला बाई. नाटक सुरू झालं.

दोन अंक झाले. मांडवभर हशा. मी विंगेच्या चादरीच्या फटीतून गुरुजींकडं पाहत होतो. ते हसत नव्हते. लोक हसले की मान वळवून लोकांकडं बघायचे, हे का हसताहेत म्हणून. बाईंची नजर त्यांच्या तोंडावरून हलत नव्हती.

तिसऱ्या अंकात शेवटी यमदूत आणि म्हातारीचा मोठा प्रवेश आहे. आम्ही तो दोन हंगाम कापत होतो, पण गुरुजींसाठी पूर्ण नाटक करायचं ठरलेलं. तालीम? आमच्यात तालीम कोण करतं? वही आहे ना. सुखदेव आत शिरला, म्हातारीचं काम करणारी शांताबाई उभी राहिली, मी पान उलटलं... पानं चिकटलेली. मीच लावलेली खळ. सोडवायला विसरलो होतो. नखानं उचकटायला गेलो तर अक्षरंच निघायला लागली.

सुखदेव माझ्याकडं बघतोय. शांताबाई बघतेय. प्रवेशात काय होतं ते मला पुसट आठवत होतं — यमदूताला दाखला मिळतो, आणि म्हातारी स्वतःऐवजी तलाठ्यालाच रेड्यावर बसवून पाठवते. पण वाक्य एकही आठवेना.

तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यामागून आवाज आला. हळू, अर्धा श्वास आधी, जसा द्यायचा असतो तसा. गुरुजींचा आवाज. आजारपणातला नव्हे, पूर्वीचा. हशाच्या वाक्याआधी ते सुपारी गालात सरकवून बारीक ‘हं’ करायचे, त्या ‘हं’सकट. माझ्या मागं भिंत होती. वर्गाची भिंत, जिला दार नाही, खिडकी नाही. आणि फटीतून मला समोर गुरुजी दिसत होते, खुर्चीवर, तोंड मिटून.

सुखदेवनं वाक्य उचललं.

‘आजी, दाखला तं भेटला. पन मी कोनाले न्याले आलतो, तेच इसरलो.’

‘इसरला?’ शांताबाई म्हणाली. ‘बरं झालं. बस मंग.’

‘अन् वरतं काय सांगू?’

‘सांगजो, इसरलो म्हनून. इसरलेल्या मानसावर कोनी रागवत नाई. जा, हात धुवून ये, भात निवून राह्यला.’

‘अन् आठोलं तं?’

‘आठोलं तं पायू. आज रोवना हाय, दोन हात कमी पडून राह्यले.’

सुखदेवनं यमदूताचा मुकुट काढून म्हातारीच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि चिखलात उतरल्यासारखा वाकला. आणि मांडवात पहिलं हसू आलं ते खुर्चीवरून. गुरुजी हसले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. खाणीतली दांडगी माणसं त्यांच्याकडं बघून हसत होती आणि रडत होती. बाईंनी पदर तोंडाला लावला. मीही रडलो, लपवत नाही. पडदा तसाच ओढला.

पडदा पडल्या पडल्या तलाठ्याचं काम करणारा पोस्टमन माझ्यावर धावून आला. मिशी चिकटवून, कानाला पेन्सिल लावून बिचारा विंगेत तयार उभा होता. ‘बाबू, माही एन्ट्री कुठी गेली?’ मी तांब्यातलं पाणी वहीवर ओतलं आणि पानं सोडवली. गुरुजींच्या सुंदर अक्षरात तलाठी होता, रेडा होता, सगळं होतं. विसरलेला यमदूत कुठंच नव्हता.

मी सुखदेवला विचारलं, ‘ही वाक्यं तू कुठून आणलीस?’

तो माझ्याकडं वेड्यासारखा पाहायला लागला. ‘तूच तं देऊन राह्यला होता. पन गुरुजीचा आवाज काऊन काढला बे? मले वाटलं, त्यायले खूश कराले करून राह्यला.’

शांताबाईनंही तेच सांगितलं. तिलाही गुरुजींच्या आवाजात ऐकू आलं होतं. मी त्या पूर्ण प्रवेशात एक अक्षर बोललो नव्हतो.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, गुरुजी बोलावतात. मी गेलो. माणसांचा गराडा पडलेला. गुरुजींच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं. त्यांनी माझा हात धरला. कित्येक महिन्यांत ज्यांनी एक वाक्य पुरं केलं नव्हतं, ते सावकाश, शब्द निवडत म्हणाले, ‘हे... शेवटलं. हे कोनं लिवलं गा?’

सगळे एकदम म्हणाले, ‘तुम्हीच गुरुजी. तुमचंच तं नाटक.’

गुरुजींनी मान हलवली. ‘मी नाई.’ आणि माझ्याकडं पाहत राहिले, कारण वही माझ्या हातात होती. बाकी सगळ्यांना वाटलं, बिचारे विसरले. पण वहीत काय आहे आणि काय नाही हे त्या गराड्यात मलाच माहीत होतं. मी ओली वही काखेत मारली.

नंतर मी बरीच खटपट केली. दोन दुसऱ्या मंडळ्यांकडं या नाटकाच्या नकला होत्या, त्या मागवून वाचल्या. दोन्हींत तलाठी आणि रेडा. बाईंनी गुरुजींची पेटी उघडून दिली. एकेक कागद पाहिला. असा प्रवेश कुठं नाही. सुखदेवला सुचला म्हणावं, तर त्याच्या उखाण्याचं आधीच सांगितलंय. मला सुचून मी बेभानपणे बोलून गेलो म्हणावं, तर माझी लेखनातली मजल तुम्ही आता पाहिलीच. विनोद सोडा, रजेचा अर्जसुद्धा मला दोनदा लिहावा लागायचा. एका डॉक्टर मित्रानं सांगितलं, ताणाखाली माणसाला भास होतात. होत असतील. पण एकच भास तिघांना, वाक्यावाक्यानं?

गुरुजी पुढं दोन वर्षं राहिले. शेवटी शेवटी बाईंनाही ओळखत नव्हते. बाई सांगायच्या, ओसरीवर बसून मधेच एकटेच हसतात, खांदे हलवून. ‘मले तेवढं पुरते,’ म्हणायच्या.

मी अजूनही मानत नाही. तो आवाज कुणाचा, ती वाक्यं कुणाची, याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि उगाच एखादं जुळवून सांगणं मला जमणार नाही. पण त्या दुपारी मी वही काखेत मारली तेव्हा गुरुजींनी माझा हात थोपटला होता. म्हणाले, ‘बेस लिवते तो मानूस. तुले भेटला तं सांगजो त्याले... लिवत राय म्हना. आमी वाचतो.’

‘सांगतो गुरुजी,’ मी म्हटलं.

कुणाला सांगायचं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.