आप्पांच्या परीक्षेत नापास झालेल्या कुसुमवहिनी

पूजा उरकून मी पेपर उघडत होते, तेवढ्यात हैदराबादहून भाच्याचा, श्रीकांतचा, फोन आला. "आत्या... आई गेली." माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, परवा तर माझ्याशी कडकडून भांडल्या की रे!" खरंच भांडल्या होत्या. कुसुमवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नव्वदीला टेकल्या होत्या, पण भांडायला कधी थकल्या नाहीत. टीव्हीवर गाणारा कुणी एक पोरगा त्यांना फार आवडला होता आणि मी त्याला बेसूर म्हटलं, एवढंच निमित्त. "वन्सं, तुम्ही पुण्याला जाऊन पार सुरात बुडालात. माणूस बघतच नाही तुम्ही!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला होता. भांडण अर्धं टाकून गेल्या, ह्याचा मला दुःखापेक्षा रागच जास्त आला. मुलाने विमानात बसवलं आणि दुपारी मी नल्लकुंट्याच्या घरी पोचले. दारातच श्रीकांतची बायको लक्ष्मी भेटली. जन्माने तेलुगू, पण अत्तम्माशी, म्हणजे सासूशी, भांडता भांडता चांगलं मराठी शिकलेली. माझ्या गळ्यात पडून ती म्हणाली, "तुम्हाला आज परत फोन करणार होत्या, आत्या. भांडायला."

गाण्यावरून माणूस ओळखता येतो का, हा वाद आमच्या घरात फार जुना. त्याची सुरुवात माझ्या वडिलांनी, आप्पांनी केली. ते जुन्या हैदराबाद संस्थानच्या कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद मांडणारे कारकून, होते. दिवसभर उर्दूत कागद वाचायचे आणि संध्याकाळी गौलीगुड्याच्या घरी ग्रामोफोनला किल्ली द्यायचे. "माणसाची अक्कल कानात असते," हे त्यांचं ठाम मत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते मार्क द्यायचे. विलंबित ख्याल हालचाल न करता ऐकणारा पहिल्या वर्गात, नाट्यसंगीतवाला दुसऱ्या, भावगीतवाला काठावर पास आणि सिनेमाची गाणी गुणगुणणारा सरळ नापास. आमचा दूधवालासुद्धा त्यातून सुटला नव्हता.

दादासाठी मुलगी बघायला आम्ही सुलतान बाजारात गेलो, तेव्हाही ही परीक्षा होणारच होती. मुलीचे वडील शाळेत गणित शिकवायचे. माणसं साधी, घर टापटीप. चहा-चिवडा झाला आणि आप्पांनी घसा साफ केला. "गाणं येतं का?" मुलगी म्हणाली, "येतं. तुम्हाला आवडेल ते म्हणू का मला आवडतं ते?" आप्पा खूष झाले, म्हणाले, "तुला आवडतं ते म्हण." झालं! तिने चहाचा रिकामा ट्रे मांडीवर घेतला, चमचा उचलला आणि त्यावर ठेका धरून दखनी उर्दूत ढोलकचं गाणं सुरू केलं. आमच्या हैदराबादेत लग्नघरी बायका जाजमावर गोल बसून ढोलकवर गाणी म्हणतात. त्यात व्याह्यांची, विहिणींची, जो समोर सापडेल त्याची टर उडवायची, नाव घालून, जागच्या जागी कडवं जुळवून. आणि समोर कोण होतं? आप्पा! आप्पांच्या झुपकेदार मिशा खिरीच्या वाटीत कशा बुडाल्या आणि व्याहीबुवांना त्या सोडवायला न्हावी कसा बोलवावा लागला, ह्याचं साग्रसंगीत वर्णन त्या पोरीने केलं. तिच्या आईने तोंडाला पदर लावला. दादाला चिवड्याचा असा ठसका लागला की मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते.

परतताना सायकल रिक्षात आप्पा म्हणाले, "नापास. डोकं नाही पोरीला." दादा आयुष्यात कधी त्यांच्यापुढे बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "आप्पा, तुमच्या मिशा बघून तिने बसल्या जागी कडवं रचलं. ह्याला डोकं लागत नाही होय?" आप्पांनी मिशांवरून हात फिरवला. पुढच्या महिन्यात लग्न झालं, पण मार्क काही वाढले नाहीत. घरातल्या कुठल्याही महत्त्वाच्या बोलण्यात वहिनींना कुणी विचारायचं नाही. त्या चहा घेऊन यायच्या आणि आप्पा विषय बदलायचे. मला मात्र ही नवी भावजय जाम आवडली होती. मी शास्त्रोक्त गाणं शिकत होते, रियाज करायचे, आणि माझा ख्याल सुरू झाला की वहिनी पाच मिनिटांत घोरायला लागायच्या. वर म्हणायच्या, "वन्सं, तुमचा आवाज इतका छान आहे की झोपच येते बघा."

मग राज्यांच्या फेररचनेचे दिवस आले. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात आणि आमचं शहर तेलुगू मुलखाबरोबर आंध्रात. सरकारी नोकरांना विचारलं जात होतं, बाबांनो, कुठे जायचं ते लिहून द्या. दादा बांधकाम खात्यात होता. गल्लीत, देवळात, भाजीबाजारात, जिथे जावं तिथे एकच बोलणं... जायचं का राहायचं? आप्पांचं ठरलेलं होतं. "तिकडे आपली भाषा, आपलं गाणं, आपली नाटकं. इथे राहून काय करायचं?" त्यांच्या ह्या विचाराला सगळ्यात जोराचा पाठिंबा होता तात्यासाहेबांचा. तात्यासाहेब आप्पांचे रविवारच्या बैठकीतले जिवलग मित्र आणि आप्पांनी शंभरपैकी शंभर दिलेला एकमेव माणूस. मारवा लागला की त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायचं. "इथे मराठी माणसाला भवितव्य नाही," असं ते दर रविवारी दादाला सांगायचे. त्यांचा मुलगा दादाच्याच कचेरीत, दादाच्या हाताखाली होता.

वहिनींचा जीव मात्र टांगणीला लागला होता. त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि आईला एकटीला ते उचलायचे नाहीत. वहिनी एकुलत्या एक. रोज दुपारी सुलतान बाजारात जाऊन त्या वडिलांना जेवू घालून यायच्या. एकदा जिन्यात बसून त्या मला म्हणाल्या, "वन्सं, मी तिकडे गेले तर बाबांच्या तोंडात घास कोण घालेल हो?" आणि ढसाढसा रडल्या. दादाला बायकोचं दुःख दिसत होतं, पण आप्पा आणि तात्यासाहेब ह्या दोघांपुढे त्याचं तोंड उघडेना. सोमवारी त्याला अर्ज द्यायचा होता.

त्याच्या आदल्या शनिवारी मागच्या गल्लीतल्या अख्तरबींच्या मुलीचे मांझे होते, म्हणजे आपल्याकडची हळद म्हणा. वहिनी म्हणाल्या, "चला वन्सं, घरात बसून डोकं फिरेल माझं." आम्ही गेलो. पिवळे दुपट्टे घेतलेल्या पोरी, ढोलकच्या खोडावर चमच्याचा खटखट ठेका आणि बायकांचा नुसता कल्ला. तात्यासाहेबांची सून मालतीही आली होती. बायकांनी तिला धरलं. हिचा नवरा आता बड्या खुर्चीत बसणार, इथेच हिमायतनगरात हिचं नवं घर होणार, मखमलीचे पडदे लागणार आणि ही आम्हाला ओळख दाखवणार नाही, असं कडव्यामागून कडवं. मालती लाजून लाल झाली. "अय्या, नक्को! अजून कुणाला सांगायचं नाही!" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना मी म्हटलं, "काय बेसूर गात होत्या हो!" वहिनी रस्त्यातच थांबल्या. "वन्सं, तुम्ही सूर ऐकत बसलात. मी बोल ऐकले."

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. ग्रामोफोन चालू होता, तात्यासाहेबांचे डोळे मिटलेले. वहिनी भज्यांची ताटली घेऊन आल्या, ती त्यांच्यासमोर ठेवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तात्यासाहेब, मालतीचे पडदे झाले का शिवून?" त्यांनी डोळे उघडले. "कसले पडदे?" "हिमायतनगरच्या घराचे. तुमचे चिरंजीव इथेच राहायचं म्हणताहेत ना? हे मुंबईकडे गेले की ह्यांची खुर्ची त्यांनाच मिळणार, असं लग्नघरात बायका गात होत्या. मग आमच्या ह्यांना का एवढा आग्रह?" तात्यासाहेब म्हणाले, "छे, छे, त्याचं अजून... म्हणजे नक्की असं..." रेकॉर्ड संपून सुई खरखरत होती. त्यांनी टोपी उचलली, काहीतरी काम आठवल्याचं पुटपुटले आणि गेले.

आप्पा लहान मुलासारखे म्हणाले, "पण मारवा ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं रे..." उत्तर वहिनींनी दिलं. "येतं ना आप्पा. ते पाणी खरंच आहे. पण ते मारव्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही." आप्पांनी स्वतः उठून सुई बाजूला केली. "अर्ज लिहिण्याआधी हिला विचार," एवढंच ते दादाला म्हणाले आणि आत गेले.

मी आयुष्यभर गाणं शिकले, शिकवलं, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे असं मी समजते. गाण्याच्या आवडीवरून माणसाचा कान कुठल्या शेजारात, कुणाच्या ओट्यावर तयार झाला, ते कळतं. त्याच्या पुढे काही कळत नाही. तात्यासाहेबांचा कान अस्सल होता, हे मी आजही म्हणेन. वहिनींना मरेपर्यंत मारवा आणि पूरिया ह्यांतला फरक कळला नाही, हेही तितकंच खरं. पण अडचणीच्या वेळी त्या दोघांतल्या कुणाकडे जायचं, असं मला विचाराल तर मी चप्पलसुद्धा न घालता वहिनींकडे पळेन.

दादा हैदराबादेत राहिला. वहिनींच्या वडिलांना शेवटपर्यंत लेकीच्या हातचा घास मिळाला. आप्पांचं मार्क देणं काही सुटलं नाही, पण काही ठरवायचं असलं की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि खाकरायचे. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "बोला." मग दादा तसाच उभा राहायला लागला, दादा गेल्यावर श्रीकांत, मग त्याची मुलं. नल्लकुंट्याला घर बांधलं तेव्हा त्या दाराशी मुद्दाम एक स्टूल ठेवलं होतं.

दिवसवार झाल्यावर आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. एका बिल्डरने घर पाडून तिथे फ्लॅट बांधायचं सुचवलं होतं. माणूस म्हणे फार सुसंस्कृत, श्रीकांतशी तासभर गाण्यावरच बोलला. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, नातवंडं इंग्रजीत, सगळे एकदम बोलत होते. आणि बोलता बोलता सगळ्यांचेच डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. श्रीकांतने तोंड फिरवलं. मला तर हुंदकाच आला.

लक्ष्मीने डोळे पुसले, पदर खोचला आणि उठून त्या स्टुलावर जाऊन बसली. म्हणाली, "अत्तम्मा असत्या तर त्यांनी आधी त्या बिल्डरच्या बायकोला चहाला बोलावलं असतं. नंबर आहे का कुणाकडे तिचा?"