सुभेदार कोशात बसतात काय?

ऐका हो वऱ्हाडकर! मोठा माणूस कोणाला म्हणावं, हा जगाला आजवर न सुटलेला प्रश्न अमरावतीच्या कापूसबाजारात, एका आडत्याच्या ओट्यावर, पानाचा डबा रिकामा होण्याच्या आत सुटला. मी तिथे हजर होतो.

अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला की माणसाला आपलं नाव छापलेलं पाहावंसं वाटतं. वऱ्हाडातल्या नामवंतांचा कोश काढायचा ठरला, मंडळ बसलं, आणि मी शाळेचा पंतोजी म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आलं. धर्मशाळा बांधणारे, विहीर खणणारे, गावजेवणात तूप वाहवणारे, सगळे नामवंत झाले. अडलं एकाच ठिकाणी.

अकोल्याकडचे एक म्हातारे सुभेदार स्वतः येऊन उभे राहिले. महारांमधून इंग्रजी फौजेत सुभेदारीपर्यंत चढलेला आमच्या भागातला पहिला माणूस. अंगात लाल कोट, मान ताठ. पण ओट्यावर जागा नाही, खाली अंगणात, उन्हात. म्हणाले, "गावात म्हंतात, कोट जुन्या बाजारातून आनला. छापून आलं तं तोंडं बंद होतीन."

मंडळातले देशमुख उसळले. "फौजेत तं कोनीबी जाते, पोटासाठी!"

"गेले लय जन, देशमुखजी," सुभेदार खालून म्हणाले. "सुभेदार होऊन एकच आला."

"पन लढाया करनाऱ्याचं कोशात काय काम?"

माझी जीभ वळवळली. "देशमुख, लढाई नसती तं तुमचा कापूस कोनं घेतला असता? तुमीबी लढाईचेच नामवंत!"

ओटा हसला, पण मत उघड द्यायला कोणी धजेना. हो म्हणावं तर जातवाले बोलणार. नाही म्हणावं तर सुभेदारांना मानणारा अकोल्याचा गोरा साहेब रागावणार. शेवटी आमचे अध्यक्ष, बाजारातले सर्वांत मोठे आडते शेटजी, यांनी बाजारचाच उपाय काढला. आम्ही कापसाचा भाव उपरण्याखाली ठरवतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून घासाघीस, बघणाऱ्याला काही कळत नाही. आज भावाऐवजी ओळी. जितकी बोटं तितक्या ओळी. मूठ म्हणजे नाव बाद. सगळ्यांचे हात घेऊन शेवटच्या हाताशी जो आकडा जुळेल, तो सौदा पक्का. आणि पक्का सौदा जो मोडेल, त्याच्या उपरण्याखाली बाजारात पुन्हा कोणी हात घालत नाही.

शेटजींनी सवयीप्रमाणे डोळे मिटले. डोळ्यांनी सौदा नासतो, असं त्यांचं मत. एकेक जण हात घालून, चेहरा कोरा ठेवून बाजूला होऊ लागला. देशमुखांची मूठ मात्र उपरण्याबाहेरूनही दिसत होती.

रांग संपली. सुभेदार शांतपणे पायरी चढले, कोटाची बाही सावरली आणि उपरण्याखाली हात घातला. देशमुखांचा आ वासला. मी बोलू शकलो असतो. पण माझ्या तोंडात पान होतं.

आधीच्या हातांचा अंदाज धरून शेटजींनी एक बोट दाबलं. समोरून पाच. शेटजी दोनावर आले. पाच. तीन. पाच. शेटजींच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला; असं चिवट गिऱ्हाईक त्यांना महिनोन् महिने मिळालं नव्हतं. चार. पाच!

"झाला सौदा! पाच ओळी!" शेटजी गरजले आणि त्यांनी डोळे उघडले.

समोर लाल कोट.

"शेटजी," देशमुख कुजबुजले, "घरी चला, आंघोळ करा. हा सौदा धरू नोका."

दाराशी अख्खा बाजार गोळा झाला होता. शेटजींनी एकदा बाजाराकडे पाहिलं, एकदा लाल कोटाकडे. मग घसा खाकरून मला म्हणाले, "लिवा, पंतोजी. पयल्याच ओळीत 'पयला' लिवा."

"शेटजी," सुभेदार हळूच म्हणाले, "आता हात सोडा."

शेटजींनी तो अजून धरलेलाच होता. सोडला, आपल्या बोटांकडे टकमक पाहिलं, आणि भर बाजारात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाप्पा! हा मानूस कापूस इकाले बसला असता तं मले नागवून गेला असता!"