गोंदिया, न उतरता

विशीत असताना मी सालेकशाच्या एका शाळेत नोकरी मागायला गेले होते. वस्त्यांवर फिरायचं काम, म्हणून हेडमास्तरांनी विचारलं, सायकल येते का? येते, म्हटलं. अर्धं खरं होतं. चढता यायचं, उतरता यायचं नाही. गोंदियात आमच्या घरामागे राइस मिलच्या कोंड्याचा ढीग होता. त्यात सायकल घुसवली की मी आपोआप खाली. शाळेच्या मैदानात ढीग कुठला? हेडमास्तरांच्याच सायकलवर तीन चकरा मारल्या, चौथीला त्यांना नमस्कार केला आणि फाटकातून निघाले, ती स्टेशनाजवळच्या पानठेल्यावर आदळेपर्यंत. सायकल दुसऱ्या कुणाबरोबर परत पाठवली, पण तोंड काही दाखवलं नाही. बाई, म्हणजे मीच, फार मानी होत्या.

यंदा माहेरी गेले, तर सायकलवरून गोंदिया दाखवायची सोय निघालेली. अडुसष्टाव्या वर्षी नाव नोंदवलं. वयाबरोबर शहाणपण येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला भेटावं.

सकाळी सहाला स्टेशनजवळ आम्ही सहा जण जमलो. वाट दाखवणारी रेखा बाविशीची, तिचा पहिलाच दिवस. सहलीचे मालक मोटरसायकलवरून मागे येणार होते. तिनं आम्हाला बाजूला घेतलं.

"कोणी पडू नका जी. एक बी पडला, तं उद्यापासून मले काम नाही भेटन (मिळणार)."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हेल्मेटचा पट्टा आवळला.

पहिला थांबा पोह्यांचा. दुकानाच्या ओट्यावर पाय टेकवून राणीसारखी उतरले. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, पण माझं लक्ष पुढे कुठे ओटा आहे का, याकडे. पुढचा थांबा राइस मिल. वळणाआधीच उसन्या (उकडून वाळवलेल्या) तांदळाचा जुना वास आला आणि जीवात जीव आला. आता ढीग.

ढीग नव्हता. जाळीचं कुंपण होतं आणि कोंडा पाइपातून थेट ट्रकमध्ये पडत होता. बाकीचे उतरले. मी पुढे गेले.

पुढे उतार. खाली रेल्वेचं फाटक बंद, त्याच्या अलीकडे धानाच्या पोत्यांचे ट्रॅक्टर उभे. ब्रेक दाबला की सायकल डगमगे, सोडला की पळे. डावीकडे नाली. मागून रेखाच्या हाका, त्यामागे मोटरसायकल. नमस्कार करून निसटायला या वेळी फाटकही उघडं नव्हतं.

"रेखा, मला उतरता येत नाही!"

"ब्रेक नका सोडू, हळू दाबत राहा. ट्रॅक्टरकडे नका पाहू."

ती शेजारी आली, स्वतःची सायकल नालीत सोडून दिली आणि माझं कॅरियर धरून धावू लागली. ट्रॅक्टरची ट्रॉली हातभर उरली तेव्हा आम्ही थांबलो. तिनं सांगितलं तसा डावा पाय खाली टेकवला. अठ्ठेचाळीस वर्षांनी जमीन लागली.

मालकांनी येऊन विचारलं, कोण पडलं? सायकल पडली, म्हटलं, तीही रेखाची. माणूस एकही नाही. आणि मला उतरता येत नाही हे मी लपवलं होतं, तिची चूक नाही. ते रेखाच्या धापा टाकण्याकडे बघत राहिले. मग तिला उद्या सहालाच ये म्हणाले आणि बाकीच्यांना पुढे न्यायला गाडी वळवली.

परत आम्ही दोघी सायकली हातात धरून चालतच आलो. खरं सांगितलं असतं, तर हेडमास्तरांनीही कदाचित माझं कॅरियर धरलं असतं, हे आता घरी बसून लिहिताना सुचतंय. स्टेशनपाशी रेखानं माझी सायकल काढून घेतली आणि म्हणाली,

"आजी, उद्या बी या जी. पण पहिले उतराले शिकवीन, मंगच चढू देईन."