प्रत्येक दारावर आई

हॉस्पिटलमधल्या वॉर्डांच्या दारांवरचे स्क्रीन त्याच्याच प्रोग्रामवर चालायचे, आणि आज त्याचीच आई तिथं दाखल होती. वडिलांचा रडवेला फोन आला. "अरे, प्रत्येक दारावर तुझ्या आईचं नाव आहे, उघडून पाहिलं त्या एकाही वॉर्डात मात्र ती नाही!"

त्यानं प्रोग्राम उघडला आणि चूक दिसली. मोठ्या ॲरेत, म्हणजे वॉर्डांच्या यादीत, प्रत्येक वॉर्डासाठी नावांचा वेगळा ॲरे हवा होता. या दीडशहाण्यानं एकच ॲरे सगळ्यांना जोडला होता. एका वॉर्डात घातलेलं नाव सगळीकडे उमटणारच! त्यानं प्रत्येक वॉर्डाला नवा ॲरे दिला आणि तो हॉस्पिटलकडे धावत सुटला.

आता आईचं नाव एकाच दारावर उरलं होतं. वडील त्या दारासमोरच बसले होते.

"बाबा, आत जा ना."

"धीर होत नाही रे. इथंही नसली तर?"