बिनलिंबाची गाडी

गाडी दारात आली त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, "लिंबू-मिरची कुठं हाय?" आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून म्हणाले, "आमच्यात बांधत न्हाईत." नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला माणूस. गंडा, अंगारा, दृष्ट काढणं, सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं होतं. मला मनातून लिंबू हवं होतं, पण बोलायची टाप नव्हती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. अहमदपूरहून साहेबलोकांना लातूरला, नांदेडला न्यायचं आणि भाड्यावर गाडीचं कर्ज फेडायचं, असे माझे मनातले मांडे. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. भाडी आटली, सगळीकडून हात टेकले आणि मी कोर्टात नादारीचा अर्ज दिला. गाडी फायनान्सवाल्याला नेऊन द्यायची ठरली. आदल्या दिवशी मी आबांवर ओरडलो, "एक लिंबू बांधू दिलं असतं तर ही वेळ आली नसती!" ते वाद न घालता उठून आत गेले. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

सकाळी ते गाडीपुढं वाकलेले दिसले. "चाकातली हवा बघतोय," म्हणाले.

लातूरला पोचलो तेव्हा भर दुपार. सरकारी पाट्यांवर नवा रंग मारून जिल्हा लातूर लिहिलेलं, पण खालचं उस्मानाबाद अजून दिसत होतं. फायनान्सवाल्याचं आवार म्हणजे बंद पडलेली तेलाची गिरणी. आत हप्ते थकलेल्या लोकांच्या ओढून आणलेल्या गाड्या ओळीनं उभ्या आणि प्रत्येकीच्या पुढं लिंबू, वाळून काळं पडलेलं. वारा पडलेला होता, तरी मधूनच एखादं हळूच गिरकी घ्यायचं. गावात शेळ्या भिंतीवरचे कागद खात होत्या. इथं एक शेळी लिंबाजवळ नाक न्यायची आणि मागं सरायची. एका जीपच्या आरशाला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला.

मग हसू आलं. एवढ्या लिंबांनी काय उजेड पाडला? आबांचंच खरं होतं. कधी एकदा घरी जाऊन त्यांची माफी मागतो असं झालं.

रखवालदारानं किल्ली घेतली. "मालक, लिंबू तुमचं तुमीच सोडून न्या. दुसऱ्याच्या लिंबाला आमी हात लावत न्हाई."

"आमच्या गाडीला नाही."

"हाय की."

मी वाकलो. बंपरच्या मागं, सहज दिसणार नाही असं, पिवळंधमक ताजं लिंबू. एवढ्या उन्हातही गार लागलं. दोरा काळा नव्हता. परित्राणपाठानंतर भंते मनगटाला बांधतात तो पांढरा दोरा होता, मळलेला. आबांच्या हातावर तो कायम असायचा. मला भीती वाटली, आणि लाजही वाटली. लिंबू खिशात घालून एसटीत बसलो.

आबा ओट्यावरच होते. मनगट मोकळं.

"दिली?"

"दिली."

"बाकीच्या गाड्या कशा होत्या?"

"सगळ्यांना लिंबं होती, आबा. बिनलिंबाची आपली एकटीच."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग फुगलेल्या खिशाकडं. "व्हय," म्हणाले, आणि सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली.