सिरोंच्याला जाऊ नका

‘तिकडं जाऊ नको’ हे बायनाबाईंनी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीचा हुकूम आला तेव्हा. माहेर सोनपेठचं आणि नेमणूक राणीसावरगावच्या दवाखान्यात, नर्स म्हणून. डोंगरातलं गाव, एकट्या पोरीचं काम न्हाई, असं सगळ्या गोतानं सांगितलं. त्या गेल्या. उभी नोकरी तिथंच काढली, तिथल्याच शाळेतल्या सिद्धोधन गुरुजींशी लग्न केलं, आणि निवृत्त होऊन परभणीला राहायला निघाल्या तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला आलेल्या बाया रडत होत्या. तेव्हापासून कुणी एखाद्या गावाच्या नावानं कानाला हात लावला, की बायनाबाईंना त्या गावाबद्दल उगीच माया वाटायची.

गुरुजींचं उलटं होतं. ते रोज पेपर वाचायचे आणि त्यातले फक्त अपघात लक्षात ठेवायचे.

एकदा गंगाखेडच्या घाटावर बसलेले असताना गुरुजीच बोलून गेले, की आपली गंगा, म्हणजे गोदावरी, नांदेडच्या पुढं तेलंगणात जाते आणि पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला, परत महाराष्ट्राला येऊन लागते. तिथं तिला प्राणहिता मिळते.

“म्हणजे सासरची बाई माहेरला येते की,” बायनाबाई म्हणाल्या. “बघायला पायजे.”

गुरुजींनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

शेजारच्या कमलबाईंनी सांगितलं, तिकडं जंगलातले लोक माणसं उचलून नेतात. पुण्याहून लेकानं, नागेशनं, फोनवर वाघाची भीती घातली. गुरुजींनी मलेरिया काढला.

“मलेरियाच्या गोळ्या जन्मभर मीच वाटल्या,” बायनाबाई म्हणाल्या. “तुमी नका येऊ. मी जायलेय.”

“तू एकटी गेलीस तर इथं काळजीनं मरीन मी,” गुरुजी म्हणाले. “त्यापेक्षा तिथं येऊन मरतो.”

बल्लारशाहपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. अहेरी सोडल्यावर सागाच्या जंगलात गाडी बंद पडली. गुरुजींनी बायकोचा हात धरला तो सोडला न्हाई. बाकीचे प्रवासी खाली उतरून गप्पा मारत बसले होते. शेजारच्या सीटवरची राजक्का नावाची बाई सिरोंच्याचीच, शिवणकाम करणारी. तिनं डब्यातला भात आणि आंब्याचं लोणचं दोघांना दिलं. लोणच्यानं गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गडबडीत ते घाबरायचं विसरले. दुसरी गाडी येऊन सिरोंच्याला पोचेपर्यंत अंधार पडला होता. राजक्का म्हणाली, “लॉजवर कशाला जाता? माझं घर आहे ना.”

चहा पिताना तिनं गाव विचारलं. परभणी म्हटल्यावर तिनं हातातला कप खाली ठेवला.

“तिकडं माणसं कशी राहतात हो?” तिनं हळूच विचारलं. “प्यायला पाणी नाही म्हणतात. रेल्वेनं आणतात म्हणे. माझ्या मुलीला तिकडचं स्थळ आलं होतं. सगळे म्हणाले, देऊ नका, हंडे वाहून मरेल.”

बायनाबाईंना हसू आवरेना. गुरुजी मात्र ताठ बसले. ज्यांनी वाटभर जीव मुठीत धरला होता, त्यांनी परभणीची काळी जमीन, ज्वारीची कणसं, हुरडा, कृषी विद्यापीठ असं सगळं सांगायला घेतलं. राजक्काचा नवरा पेंगायला लागला तरी ते थांबले न्हाईत.

सकाळी राजक्का त्यांना संगमावर घेऊन गेली. थंडीचे दिवस, वाळूचा मोठा पट्टा आणि पलीकडं तेलंगण. गंगाखेडच्या पुलाखालून गेलेलं पाणी इतक्या लांब येऊन मुकाट चाललेलं बायनाबाई बघत राहिल्या. वळून पाहिलं तर गुरुजी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून त्यांच्या आधीच नदीत शिरले होते.

“लय गार हाय,” ते म्हणाले. “ये.”

निघताना बायनाबाईंनी राजक्काकडून परभणीला यायचं वचन घेतलं.

पुढल्या हिवाळ्यात ती नवऱ्यासह परभणीच्या स्टँडवर उतरली, तेव्हा नवऱ्याच्या हातात घरून भरून आणलेला पाण्याचा कॅन होता. शेजाऱ्यांनी बजावून दिला होता. तो बिचारा ओशाळला. बायनाबाईंनी हसण्यावारी नेलं न्हाई. घरी गेल्यावर त्याच पाण्याचा चहा टाकला, आणि कमलबाईंनाही बोलावून पाजला.

दुसऱ्या दिवशी चौघं येलदरीला गेले. धरण काठोकाठ होतं. राजक्का कठड्याला टेकून उभी राहिली, मग तिनं लेकीला फोन लावला आणि तेलुगूत भरभर बोलत सुटली. बायनाबाईंना त्यातलं एकच कळत होतं, पुन्हा पुन्हा येणारं ‘नीळ्ळु’, म्हणजे पाणी. मागं टपरीवर गुरुजींनी तळलेल्या मासळीच्या चार प्लेट सांगितल्या होत्या, आणि ते राजक्काच्या नवऱ्याला काटे कसे काढायचे ते समजावत होते.